वजन जागेवर

ओटिली वाइगलची लग्नातली अंगठी बोटातून निसटून ताटात पडली, तेव्हा जेवणाच्या खोलीत कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे तो आवाज सगळ्यांनीच ऐकला. ओटिली त्या वेळी ताट निपटत होती. इथं घास संपले म्हणजे जेवण संपलं असं नसायचं. प्रत्येकीपुढे रबराचं एक चपटं उलथणं ठेवलेलं असायचं. त्यानं ताटाला लागलेला रस्सा, लोण्याचा ओघळ, पावाचा चुरा असं सगळं गोळा करून खायचं, मग ताटात घोटभर पाणी फिरवून तेही प्यायचं, आणि मग ताट व्हर्नाला दाखवून उठायचं. व्हर्ना टॉर्गर्सन या आहार-संशोधन केंद्राच्या स्वयंपाकघराची मुख्य आहारतज्ज्ञ. ती दाराजवळच्या टेबलाशी बसून रोज तिन्ही वेळा ताटं बघायची, आणि तिच्या नजरेतून तांदळाचा दाणा सुटत नाही अशी तिची ख्याती होती. अंगठी उरल्यासुरल्या रश्श्यात पडली. ओटिली ओशाळून हसली आणि ती पुसायला तिनं कागदी रुमाल उचलला. "पुसू नका," व्हर्ना सवयीनं म्हणाली, "विसळा, आणि ते पाणी प्या." ओटिलीनं मुकाट्यानं अंगठी पेल्यात बुडवली, ढवळली, पाणी पिऊन टाकलं आणि ओली अंगठी पुन्हा बोटात घातली. पेराला न अडता ती तळाशी गेली, आणि हात खाली करताच घरंगळत पुन्हा नखापाशी आली. ओटिलीनं ती काढून खिशात टाकली आणि ताट पुढे केलं. ताट लख्ख होतं. व्हर्नानं मान हलवली, ओटिली गेली, पुढची बाई आली, तिचंही ताट लख्ख होतं. पण व्हर्नाला ते दिसलंच नाही. वजन जागेवर असलेल्या बाईची अंगठी गळते कशी, एवढंच तिच्या मनात येऊन बसलं होतं.

स्वयंपाकघरात आल्यावर तिनं उद्याची ताटं मोजायला घेतली. मन कशानंही अस्वस्थ झालं की ती काट्यापाशी जायची. काचेच्या झडपेमागचा तो नाजूक काटा श्वासानंही हलायचा, म्हणून त्याच्यापाशी उभं राहताना श्वास रोखायचा आणि त्यातच माणूस शांत व्हायचा. गाजराचे तुकडे चिमट्यानं एकेक करून टाकायचे, जास्त झालं तर शेवटचा तुकडा कापून अर्धा काढायचा. मार्व्हिस, तिची जुनी मदतनीस, शेजारी पाव मळत होती. "त्या वाइगलबाईनं आज अंगठी पण खाल्ली म्हणे," ती म्हणाली. "मोजली होतीस का आधी?" व्हर्ना हसली नाही. मार्व्हिसनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मळायला लागली. "काय ग, तोंड का असं? नियमाप्रमाणेच तर झालं सगळं." नियमाप्रमाणेच झालं होतं. खिडकीबाहेर मार्चचं करडं बर्फ साचलं होतं, गाड्यांच्या नाकांतून इंजिन गरम ठेवायच्या वायरी भिंतीपर्यंत आल्या होत्या, आणि बंद खिडकीतूनही बीटाच्या साखर कारखान्याचा तो कुजका गोडसर वास आत येत होता. या शहरात हिवाळाभर तो वास असतो. इथली माणसं म्हणतात, आम्हाला येत नाही. व्हर्नालाही एरवी येत नसे. आज येत होता.

तशी ती या वासातच वाढली होती. तिचा बाप धान्याच्या कोठारावर काट्यावर बसायचा. शेतकरी गव्हाचे ट्रक घेऊन यायचे, भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, माल ओतून रिकामा पुन्हा चढायचा, मधला फरक म्हणजे त्या कुटुंबाचं वर्ष. बापाला शिव्या खायची सवय होती. तो कोणाशी वाद घालायचा नाही. म्हणायचा, काट्याला सगेसोयरे नसतात. शाळेतून आलेली व्हर्ना त्याच्या खोलीत स्टोव्हपाशी बसून ते आकडे ऐकायची, आणि जगात निदान एक जागा अशी आहे की जिथं आवाज चढवून काही होत नाही, याचं तिला फार बरं वाटायचं. घरात आई-बापाचे आवाज चढायचे. एकदा हेगेन नावाच्या शेजाऱ्याचा ट्रक ओतला, तर वरच्या गव्हाखाली ओली रेती निघाली. बाप घरी येऊन बराच वेळ न जेवता बसला. "वजन बरोबर होतं," तो पुनःपुन्हा म्हणत होता, "वजन अगदी बरोबर होतं." हेगेनवरच्या रागापेक्षा बापाच्या तोंडावर दुसरंच काहीतरी होतं, ते त्या वयात व्हर्नाला कळलं नाही. आज चिमट्यात गाजराचा तुकडा धरून ती तशीच उभी राहिली, आणि ते कळल्यासारखं झालं, आणि तिला ते नको होतं.

प्रयोग साधा होता. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बाया महिनोन्महिने इथं राहायच्या, इथलंच खायच्या, क्षार काढलेलं पाणी प्यायच्या, दातांनासुद्धा इथलीच पेस्ट लावायच्या. अन्नातलं मॅग्नेशियम कमी केलं तर हृदयाच्या ठोक्यांचं काय होतं हे डॉक्टर हॅडलींना बघायचं होतं. बाहेर जायचं तर सोबतीण घेऊन जायचं, म्हणजे कोणी वाटेत केक खाऊ नये. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती: वजन हलता कामा नये. वजन हललं तर रक्तातले आकडे कशामुळे बदलले ते सांगता येत नाही. म्हणून रोज सकाळी पातळ झगा घालून बाया काट्यावर उभ्या राहायच्या, आणि कोणाचं वजन उतरायला लागलं तर व्हर्ना तिच्या ताटात लोणी वाढवायची, साखरेचा छोटा पाव वाढवायची. चढायला लागलं तर काढून घ्यायची. तिचा हात त्यात असा बसला होता की तिच्या बायांच्या वजनाच्या रेघा कागदावर पट्टीनं आखल्यासारख्या सरळ यायच्या. दुसऱ्या शहरांतले लोक येऊन त्या रेघा बघायचे. हॅडली पाहुण्यांना म्हणायचे, "ही व्हर्ना. हिच्या हाताखाली माणूस हलत नाही." तिला तेव्हा लाज वाटायची आणि घरी गेल्यावर आनंद व्हायचा. घरी सांगायला कोणी नव्हतं. नवरा फिनिक्सच्या उन्हात दुसरा संसार थाटून बसला होता, आणि ती स्वतः रात्रीचं जेवण म्हणून उभ्याउभ्या दुधात मक्याचे पोहे टाकून खायची, न मोजता, अर्धं टाकून द्यायची.

ओटिलीची रेघ मात्र सरळ राहिली नव्हती. दुसऱ्या महिन्यात, बीटांची काढणी संपता संपता, ती उतरायला लागली. व्हर्नानं लोणी वाढवलं, रेघ उतरली. पाव वाढवला, उतरली. ताट तर रोज लख्ख. मग व्हर्नाच्या मनात तेच आलं जे या धंद्यातल्या कोणाच्याही मनात पहिल्यांदा येतं: बाई फसवतेय. त्यात तिचा काय दोष? वर्षानुवर्षं तिनं फसवणारी माणसंच बघितली होती. दिव्याच्या खोबणीत चॉकलेट लपवणारा विद्यार्थी बघितला होता, गालात घास धरून खोलीत जाऊन थुंकणारी मास्तरीण बघितली होती, लोण्याच्या वड्या हातरुमालात घेऊन बाहेर चिमण्यांना घालणारा एक निवृत्त पाद्रीसुद्धा बघितला होता. ताट खोटं बोलू शकतं, काटा नाही. तिनं ओटिलीच्या मुलीला, जोलीनला, फोन केला. ती भेटीला येताना-जाताना काही नेत तर नाही ना, हे विचारायला. जोलीन फोनवर हसली. "आई ना? तिची खोड आहे ती. तिचे आईबाप रशियात वसलेले जर्मन, तिथून उपाशी पळून आलेले. आमच्या घरात उशांच्या अभ्र्यांत पावाचे तुकडे सापडायचे. बघा, तुमच्याकडेही कुठंतरी सापडतील." बस्स, व्हर्नाला तेवढं पुरलं. ती मार्व्हिसला घेऊन ओटिलीच्या खोलीत गेली. कपाट उघडलं, बुटांत हात घातला, उशीचे अभ्रे काढले. नवऱ्याचा फोटो, भजनांचं पुस्तक, अर्धवट शिवलेली गोधडी. ओटिली दारात उभी होती. ती रागावली नाही. तिचा चेहरा आणि मान लाल झाली, आणि ती म्हणाली, "गादी राहिली. गादीखाली पण बघून घ्या." आणि व्हर्नानं खरोखरच गादी उचलली.

गादीखाली काही नव्हतं. पण संशय एकदा घरात शिरला की जेवल्याशिवाय उठत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक जेवणानंतर तासभर एक सोबतीण ओटिलीजवळ बसायची, संडासला गेली तर दाराबाहेर उभी राहायची. आणि काय आश्चर्य, नाताळाच्या सुमारास रेघ थांबली. सरळ झाली. व्हर्ना मार्व्हिसला म्हणाली होती, "बघितलंस? पहारा बसवला आणि वजन थांबलं. आता वेगळा पुरावा कशाला हवा?" मार्व्हिस म्हणाली होती, "मला ती बाई चोर वाटत नाही बाई." "चोर कधी चोरासारखी दिसते?" असं व्हर्नानं उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तरावर ती खूश झाली होती. हे आता आठवलं तसं तिनं चिमटा खाली ठेवला. मार्व्हिस काहीतरी विचारत होती. "मी येते," एवढंच ती बोलली.

जिन्यात मात्र ती थांबली. खरं सांगायचं तर तिला वर जायचं नव्हतं. सोमवारी महिन्याची तपासणी होती. रक्त काढतील, लघवीच्या बाटल्या जातील, हृदयाचा आलेख निघेल, काही असलं तर त्यात येईलच. प्रयोगाचा शेवटचा टप्पा चालू होता आणि ओटिली बाहेर पडली तर तिचे सगळे महिने वाया. तिनं अशी किती कारणं मोजून काढली, आणि प्रत्येक कारण बरोबर भरलं. पण त्या कारणांखाली दुसरं काहीतरी ओलं, जड होतं, ते तिला ठाऊक होतं. महिन्याच्या तपासणीत पोटाला हात लावणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं. रक्त बघणारा रक्त बघायचा, हृदय बघणारा हृदय, आणि ती वजन बघायची. ती रोज तीन वेळा या बाईच्या समोर बसली होती, आणि बाईकडे तिनं बघितलं नव्हतं, ताटाकडे बघितलं होतं. हे कबूल करायला सोमवारपर्यंत वेळ मिळाला असता. तिला भीती वाटत होती, साधी, शाळेतल्या पोरीसारखी भीती. वर कोणाचातरी टीव्ही चालू होता, प्रेक्षक हसत होते.

ओटिली खिडकीपाशी गोधडी शिवत बसली होती. तिनं व्हर्नाला बघितलं आणि गोधडी बाजूला ठेवून आपण होऊन उठली, आणि कपाटाचं दार उघडून बाजूला उभी राहिली. व्हर्नाला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही नाही," ती म्हणाली, "त्यासाठी नाही आले. बसा तुम्ही." ओटिली बसली. बसताना तिनं खुर्चीचा हात धरला. ब्लाउजच्या बाहीतून तिचं मनगट बाहेर आलं होतं. हाड, आणि त्यावर कातडी. गळ्याखाली खळगे पडले होते. हे सगळं कालही असणार, परवाही असणार. आणि त्या वाळक्या शरीराच्या मधोमध, मांडीवरच्या गोधडीमागे, पोट वर आलं होतं. स्कर्टचा हूक लागत नव्हता, त्याला मोठी पिन लावलेली होती. ओटिलीनं तिची नजर पकडली आणि पोटावर हात फिरवला. "तुझे पाव," ती म्हणाली, "इथं येऊन बसलेत बघ सगळे. साठाव्या वर्षानंतर पोटुशी दिसायला लागले. जोलीन म्हणते, आई, कोणाचं ग?"

"दुखतं का?" व्हर्नानं विचारलं.

"मी सगळं खाल्लंय," ओटिली म्हणाली.

"ते नाही विचारत मी. दुखतं का काही? भूक लागते?"

"ताट बघितलंस ना तू. दाखवलं मी."

"ओटिलीबाई, ताटाचं सोडा. मी तुमचं विचारतेय."

ओटिली तिच्याकडे बघत राहिली. कुठला सापळा आहे हे तिला समजत नसावं. मग तिनं सुई गोधडीत टोचून ठेवली. "तीन घास," ती हळू म्हणाली. "नाताळापासून. तीन घासांत गळ्यापर्यंत भरतं. पुढचं मी ढकलते. पाणी पिऊन पिऊन ढकलते. रात्री उताणं झोपता येत नाही, दम लागतो. पण एकदाही ओकले नाही हं मी, विचार त्या पोरींना, दाराबाहेर होत्याच त्या."

"मग सांगितलं का नाही मला?"

"काय सांगायचं? जेवण जात नाही म्हणून?" ती किंचित हसली. "तू परत गादी उचलली असतीस."

व्हर्ना पलंगाच्या कडेला टेकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर चोर आत होता आणि ती त्याला रोज मोजून लोणी-साखर घालत होती. आणि हीच बाई, जिला तिनं फसवी ठरवलं, ती आपला खरेपणा सिद्ध करायला गळ्याशी आलेला घास गिळत होती, तिन्ही वेळा, तिच्यासमोर बसून. लख्ख ताट दाखवताना ओटिली एक क्षण थांबायची, असं व्हर्नाला आता आठवलं. शाबासकीसाठी नसेल, फक्त, बघ, असं म्हणायला. आणि व्हर्ना मान हलवून पुढच्या ताटाकडे वळायची. "तुम्हाला राग नाही आला?" तिनं विचारलं. प्रश्न मूर्खासारखा होता. "आला की," ओटिली म्हणाली. "पण म्हटलं, माझं नाव साफ करूनच जाईन इथून. शिवाय खरं सांगू? घरी एकटीच तर जेवते. जोलीन लांब, तिचं तिला पुरतं. इथं टेबलाशी माणसं असतात. तू असतेस, तोंड पाडून का होईना."

डॉक्टर हॅडली आपल्या खोलीत आलेख पसरून बसले होते. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांना फक्त ऐकू यायला वेळ लागायचा. "वजन तर हललेलं नाही," ते कागद पुढे करून म्हणाले. "तूच बघ ना. नाताळापासून सरळ. हिच्याइतकी सरळ तर कोणाचीच नाही."

"दोन गोष्टी होतायत डॉक्टर," व्हर्ना म्हणाली. आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू येत होतं. "अंगावरचं मांस जातंय आणि पोटात पाणी भरतंय. एक उतरतंय, एक चढतंय. काट्याला दोन्ही सारखेच."

"आणि तुझे जादा पाव?"

"त्यांनी ते आणखी नीट झाकलं."

हॅडलींनी चष्मा काढला. "व्हर्ना, शेवटचा टप्पा आहे. सोमवारी तपासणी आहेच. तुला काहीतरी वाटतंय, एवढ्यावर आपण एक बाई बाहेर काढायची?"

"मला काही वाटत नाहीये. तुम्ही वर या आणि तिच्या पोटाला हात लावा. तुम्ही डॉक्टर आहात ना? लावा हात."

असं ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. ते उठले. वर ओटिलीला आडवं करून त्यांनी पोटावर बोटं ठेवली, एका बाजूनं टिचकी मारून दुसऱ्या बाजूला हात ठेवला, पुन्हा तसंच केलं. ओटिली छताकडे बघत होती. हॅडलींच्या चेहऱ्यावरून प्रयोग हळूहळू निघून गेला आणि तिथं नुसता एक वयस्क डॉक्टर उरला. "केव्हापासून?" त्यांनी विचारलं. ओटिलीनं व्हर्नाकडे बघितलं. व्हर्नानं सांगितलं. त्यांनी ओटिलीचे कपडे नीट केले, पांघरूण ओढलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "गाडी काढायला सांग." वायरी काढून गाडी सुरू करायला वेळ लागला. ओटिली कोट घालून दारात उभी राहिली तेव्हा कोट तिला दोन माप मोठा झाला होता, फक्त मधलं बटण लागत नव्हतं. इतके महिने ती कोट घालून बाहेर गेली असेल, सोबतिणीही बरोबर असतील. कोणी पाहिलं असेल तर सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे खाणं, आणि बाहेर तिनं काही खाल्लं नव्हतं.

इस्पितळात तिचं पोट उघडलं आणि बरंचसं तसंच बंद केलं. पाणी काढलं, किती निघालं ते व्हर्नाला हॅडलींनी सांगितलं, आणि तो आकडा ऐकून तिनं नकळत वजाबाकी केली, आणि खऱ्या ओटिलीचं वजन तिच्या मनात आलं. गर्भाशयाच्या कडेनं उठलेला कर्करोग सगळीकडे पसरला होता. शस्त्रक्रिया करणारी तरुण बाई म्हणाली, "हिवाळ्याच्या सुरुवातीला आल्या असत्या तर," आणि वाक्य तिथंच सोडून तिनं हातमोजे काढले. प्रयोग चालू राहिला. मार्व्हिसनं ओटिलीची जागा रिकामी ठेवली नाही, खुर्च्या सरकवून ती भरून टाकली, आणि ते तिनं चांगल्या मनानं केलं होतं. व्हर्ना दाराजवळ बसायची आणि ताटं पुढे आली की आधी चेहरे बघायची. बाया बावरायच्या. कोणाला डोळ्याला डोळा भिडवायची सवय राहिली नव्हती. एक जण घाबरून म्हणाली, "मी काही टाकलं नाहीये हो." त्या रात्री व्हर्नाला झोप आली नाही. आपण उद्यापासून काटा सोडून दुसरं काही करू शकू का, असा विचार तिनं केला, आणि तिला दुसरं काही सुचेना.

भेटायला जायचं ती टाळत राहिली. रोज गाडी इस्पितळाच्या वळणापर्यंत न्यायची आणि सरळ घरी यायची. ओटिलीनंच निरोप पाठवला, म्हणून ती गेली. खोलीत ऊन आलं होतं. ओटिली उशीला टेकून होती, पोट सपाट झालेलं, आणि आता तिच्यात लपायला काही जागा उरली नव्हती. जे होतं ते सगळं दिसत होतं. पलीकडे जोलीन बसली होती, मोठ्या हाडाची, आईसारखेच डोळे, प्रवासाचे कपडे अजून अंगावर. ओटिलीपुढे नेफला होतं, त्यांच्याकडचं बटाट्याचं आणि पिठाच्या गोळ्यांचं सूप. जोलीननं घरून करून आणलेलं. त्यावर साय धरली होती. "ही व्हर्ना," ओटिली म्हणाली. "माहितीये," जोलीन म्हणाली. "फोनवर बोललोय आम्ही."

व्हर्नाला माफी मागायची होती. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती. पण ओटिलीनं हात वर करून तिला थांबवलं. माफीबिफीत तिला रस दिसला नाही. "तुला एका कामासाठी बोलावलंय," ती म्हणाली. दर दोन शब्दांनी तिला थांबावं लागत होतं. "ह्या माझ्या लेकीला अजून वाटतं की मी तुमच्याकडे अन्न लपवलं. नाही म्हणते तोंडानं, पण वाटतं तिला. ती लहान असताना मी उशीत पाव ठेवायचे, ते ती विसरत नाही. तू सांग तिला."

"आई, कोण काय म्हणतंय आता," जोलीन म्हणाली. "सूप घे."

"तू गप्प बैस. व्हर्ना, सांग."

व्हर्ना उभीच होती. दोघी तिच्याकडे बघत होत्या, एक सुटकेसाठी, एक दुसऱ्याच कशासाठी. "तुमच्या आईनं काहीही लपवलं नाही," ती म्हणाली. "एक कणसुद्धा नाही. मी जे जे दिलं ते सगळं त्यांनी खाल्लं. जात नव्हतं तेव्हाही खाल्लं. इतकं खरं माणूस माझ्या टेबलाशी बसलेलं नाही. देणारी मी होते. चूक माझी होती."

"ऐकलंस?" ओटिली म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले. तिच्या तोंडावर इतका आराम आला की व्हर्नाला ते बघवेना.

जोलीननं सूपचा वाडगा उचलून खिडकीत ठेवला. मग ती व्हर्नाजवळ आली आणि आईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"एक सांगा. एवढं लोणी, एवढी साखर एका म्हातारीच्या पोटात जातेय आणि तिचं वजन वाढत नाही. मग ते सगळं जातंय कुठं, असा प्रश्न तुमच्यापैकी एकालाही पडला नाही?"

"पडला होता," व्हर्ना म्हणाली. "म्हणून तर आम्ही गादीखाली शोधलं."